टर्बो गाडीचं ‘स्टेज वन, स्टेज टू’ म्हणजे नेमकं काय? किट, पेट्रोल, खर्च आणि कायदा

पुण्यात पासिंग झालेली, बेंगळुरूत रीमॅप केलेली, बेळगावात विकत घेतलेली आणि शनिवार-रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला धावणारी टर्बो पेट्रोल गाडी आता सीमाभागात नवलाईची राहिलेली नाही. गाडी घेताना शोरूमवाला ताकदीचा एक आकडा सांगतो. काही महिन्यांनी मित्रमंडळी दुसराच आकडा सांगू लागतात: “स्टेज वन कर, गाडी वेगळीच पळेल.” गाडी खरंच वेगळी पळते, यात खोटं काही नाही. पण त्या एका वाक्यात इंजिन, गिअरबॉक्स, वॉरंटी, विमा आणि आरसी बुक एवढं सगळं गुंतलेलं असतं. ते पैसे भरण्याआधी माहीत असलेलं बरं.

टर्बोमध्येच एवढी वाव का असते?

इंजिनाची ताकद शेवटी एकाच गोष्टीवर ठरते: सिलिंडरमध्ये हवा किती जाते. हवा जास्त गेली, तर त्या मापाने पेट्रोल जास्त देता येतं आणि स्फोट मोठा होतो. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच मिळते. टर्बोचार्जरमध्ये सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे बसवलेला दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हे पंखे मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतात. पेट्रोल गाडीत धुराच्या बाजूचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं.

ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ सालचं. प्रवासी गाडीत टर्बो आला १९६२ मध्ये, अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर या गाड्यांत. पुढे सत्तरच्या दशकात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, पोर्शे ९११ टर्बो आणि साब ९९ टर्बो यांनी त्याला स्पोर्ट्स गाडीचं रूप दिलं.

साध्या इंजिनाचा कॉम्प्युटर कितीही घासूनपुसून ट्यून केला तरी ताकद चार-पाच टक्क्यांपलीकडे फारशी वाढत नाही, कारण हवा वाढत नाही. टर्बो गाडीत हवेचा दाब किती ठेवायचा हे इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार धरला आणि टर्बो त्यावर ०.६ बार देत असेल, तर इंजिनाला एकूण १.६ बारची हवा मिळते. तोच टर्बो ०.९ बारवर नेला की एकूण १.९ बार. पाना न लावता, नुसत्या आकड्यांच्या फेरबदलाने जवळपास १९ टक्के हवा वाढली. म्हणून टर्बो गाडीचं रीमॅप केलं की २० ते ३० टक्के ताकद वाढल्याचे दावे ऐकू येतात, आणि चांगल्या कामात ते बऱ्याच अंशी खरेही असतात.

मग कंपनी ही ताकद स्वतःच का देत नाही? एकच इंजिन अनेक देशांत, अनेक प्रतींच्या पेट्रोलवर, राजस्थानच्या उन्हात आणि युरोपच्या थंडीत वॉरंटीसकट चालवायचं असतं. सर्व्हिस चुकवणारे मालकही त्यात धरलेले असतात. शिवाय धंद्याचा भाग आहेच. एकाच घराण्याचं दोन लिटरचं इंजिन स्कोडाने २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये २३० पीएसने विकलं आणि २०२० च्या आरएस २४५ मध्ये २४५ पीएसने. कंपनीने राखून ठेवलेली ही वाव म्हणजे बॅलन्स शीटमधल्या राखीव निधीसारखी असते. ट्यूनर नवी कमाई आणत नाही, तो राखीव निधी खर्चायला काढतो.

पणजीचा दाब आणि बेळगावचा दाब

सीमाभागातल्या मालकांना लागू पडणारी एक गोष्ट परदेशी माहितीत सापडत नाही. पणजी समुद्रसपाटीला, तर बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी कमी. साध्या इंजिनाची गाडी घाट चढून आली की तेवढी मंदावते. टर्बो गाडी मात्र मंदावत नाही, कारण ईसीयू टर्बोला जास्त फिरवून तूट भरून काढतो. चालवणाऱ्याला बरं वाटतं, पण काम टर्बोचं वाढतं. एकूण १.९ बारची हवा द्यायला पणजीत टर्बोला बाहेरची हवा १.८८ पट दाबावी लागते, तर बेळगावात जवळपास २.०५ पट. कंपनीच्या सेटिंगमध्ये हे अंतर धरलेलं असतं. कडक रीमॅप केलेल्या गाडीत टर्बो आधीच त्याच्या मर्यादेजवळ असतो, आणि घाटमाथ्यावर ती मर्यादा आणखी जवळ येते. किनाऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नीट बसलेली फाइल बेळगावात तशीच नीट बसेल असं धरून चालू नये.

स्टेज वन

सगळ्यात आधी: ‘स्टेज’ हे कुठलंही सरकारी किंवा कंपन्यांनी ठरवलेलं माप नाही. धंद्यात रूढ झालेला तो शब्द आहे. एका दुकानाचं स्टेज टू दुसऱ्याकडे ‘वन प्लस’ असू शकतं. त्यामुळे स्टेजचं नाव न विचारता काय-काय बदलणार ते विचारावं.

साधारणपणे स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटातून, किंवा ईसीयू काढून टेबलावर जोडून, मूळ फाइल वाचली जाते. तिच्यातले टर्बोचा दाब, इग्निशनची वेळ, पेट्रोलचं प्रमाण आणि टॉर्कच्या मर्यादा बदलून ती परत भरली जाते. काम काही तासांचं.

चांगला ट्यूनर आणि नुसता फाइल विकणारा यांतला फरक इथेच कळतो. चांगला माणूस आधी गाडी तपासतो, प्लग आणि कॉइल पाहतो, रीमॅपच्या आधी आणि नंतर गाडी चालवून नोंदी घेतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये इग्निशन किती मागे घ्यावं लागतंय, हवेचं तापमान किती, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक किती, हे त्या नोंदींत दिसतं. दुसऱ्या प्रकारचा माणूस लॅपटॉप लावतो, बाहेरून आलेली तयार फाइल भरतो आणि “एक राउंड मारून या” म्हणतो.

सॉफ्टवेअर न बदलता लावायचे ‘ट्यूनिंग बॉक्स’ही मिळतात. हा डबा दाबाच्या सेन्सरच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, तो वाढवतो. डबा काढला की गाडी मूळपदावर. सोय आहे, पण कारभार ईसीयूला फसवण्याचा आहे. ओबीडी सॉकेटात खोचायच्या काहीशे रुपयांच्या ‘पॉवर चिप’ त्याहून वेगळ्या. त्यातल्या अनेक उघडून पाहिल्यावर आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे उपयोगाचं काही सापडलेलं नाही.

स्टेज टू आणि थ्री

स्टेज टूमध्ये हवा आत येण्याचा आणि धूर बाहेर जाण्याचा रस्ता मोकळा करतात. मोठा एअर फिल्टर, मोठा इंटरकूलर आणि टर्बोला लागून असलेली धुराची नळी, म्हणजे डाउनपाइप.

यात इंटरकूलर सगळ्यात प्रामाणिक वस्तू. हवा दाबली की तापते. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर टर्बोतून ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापून निघते. गरम हवा विरळ असते आणि इंजिनात नॉकिंग घडवते. तिला थंड करणं हे इंटरकूलरचं काम. एप्रिल-मे महिन्यात पहिल्या ओढीला पळणारी गाडी तिसऱ्या ओढीला सुस्त का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. पण सगळ्या गाड्यांना मोठा इंटरकूलर सहज बसत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये तो पाण्याने थंड होणारा आणि इनटेकच्या आतच बसवलेला आहे. समोर जाळी लावून ‘किट बसवलं’ म्हणणाऱ्याला हे एकदा विचारून पाहावं.

डाउनपाइपची कथा वेगळी. तिच्यातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढून सरळ नळी लावली की टर्बो लवकर फिरतो, आवाज येतो, आणि गाडी प्रदूषणाच्या नियमाबाहेर जाते. मागचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजिनचा दिवा लावतो. मग सॉफ्टवेअरमधून तो दिवाच बंद करून देतात. पीयूसीच्या तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला जातो. कॅट काढलेल्या गाडीला ती चाचणी प्रामाणिकपणे पास होणं अवघड. पुढच्या सायलेन्सरच्या आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्याने शेजारी उठतात, ताकद फारशी वाढत नाही.

स्टेज थ्री म्हणजे मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, आणि बहुतेकदा फोर्ज केलेले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड. या खेळाचं माहेरघर जपान. निसान स्कायलाइन जीटी-आरचं २.६ लिटरचं आरबी२६, टोयोटा सुप्राचं तीन लिटरचं २जेझेड, मित्सुबिशी लान्सर इव्होचं ४जी६३ ही तिन्ही इंजिनं बिडाच्या ब्लॉकची. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून २८० पीएसपेक्षा जास्त ताकद जाहीर करायची नाही असा संकेत २००४ पर्यंत पाळला. इंजिनं मात्र त्यापेक्षा बरंच सोसतील अशी बांधलेली होती. त्या दरीतच तिथला ट्यूनिंगचा धंदा वाढला. १९७३ मध्ये सुरू झालेली एचकेएस ही त्यातली मोठी कंपनी. त्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून इथल्या लहान, ॲल्युमिनियम ब्लॉकच्या तीन सिलिंडर इंजिनाकडून तशी अपेक्षा करणं बरोबर नाही. जपानी इंजिनात शिल्लक होती ती वजनाची आणि धातूची. आजच्या इंजिनांत वजन वाचवण्यासाठी तीच आधी कापलेली असते.

पेट्रोल, आणि आपल्याच शिवारातलं इथेनॉल

ट्यून केलेलं इंजिन फुटतं ते बहुतेकदा जास्त ताकदीने नाही, तर नॉकिंगने. ठिणगी पडल्यावर आग एका टोकाकडून दुसरीकडे शिस्तीत पसरायला हवी. दाब आणि तापमान मर्यादेबाहेर गेलं की उरलेलं मिश्रण आपोआप एकदम पेटतं. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा घाव बसतो. टर्बोच्या लहान इंजिनांत कमी आरपीएमला जास्त ॲक्सिलरेटर दिल्यावर ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा प्रकारही होतो. तो तर एका फटक्यात पिस्टनची कड तोडू शकतो. म्हणून घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये, रीमॅप केलेली तर मुळीच नाही.

पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. साधं पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचं होतं. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर ९९ आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेलं एक्सपी १०० अशी वरची चढण आहे. मोठ्या शहरांत १०० ऑक्टेन मिळतं. खानापूर, चंदगड, आजऱ्याच्या रस्त्यावर ते शोधत बसावं लागेल. फाइल कुठल्या ऑक्टेनसाठी लिहिली आहे, हा रीमॅप करताना विचारायचा पहिला प्रश्न. १०० ऑक्टेनवर बसवलेली गाडी रोज साध्या पेट्रोलवर चालवली तर नॉक सेन्सर इग्निशन मागे खेचत राहतो. ताकद जाते, तापमान वाढतं, आणि पैसे देऊन घेतलेलं रीमॅप कागदावरच राहतं.

इथे ऊसपट्ट्याचा थेट संबंध येतो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, बागलकोट इथल्या कारखान्यांच्या डिस्टिलरींतून निघणारं इथेनॉल आता देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. घरोघरी तक्रार ऐकू येते ती मायलेजची. ती बिनबुडाची नाही, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट हिशोबानेच येते. पण त्याच इथेनॉलचे दोन गुण टर्बोच्या फायद्याचे आहेत. त्याचं ऑक्टेन १०० च्या वर असतं, आणि ते वाफ होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषून घेतं, म्हणजे आतली हवा थंड करतं. म्हणूनच अमेरिकेत ८५ टक्के इथेनॉलचं इंधन टर्बो ट्यूनरांचं लाडकं आहे. तिथे इंधनातलं इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर असलेले ‘फ्लेक्स फ्युएल किट’ मिळतात, आणि ईसीयू त्याप्रमाणे दाब आणि इग्निशन बदलतो.

मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने ‘इथेनॉल १००’ काही निवडक पंपांवर आणलं, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक ही राज्यंही होती. ते फ्लेक्स फ्युएल गाड्यांसाठी आहे. साध्या टर्बो गाडीच्या टाकीत ओतून ‘रेसिंग फ्युएल’ म्हणण्याची वस्तू ती नाही. इथेनॉलला हवा कमी लागते: पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, तर इथेनॉलला ९. त्यामुळे त्याच ताकदीसाठी इंधन बरंच जास्त सोडावं लागतं. मूळ इंजेक्टर आणि पंप तेवढं देऊ शकले नाहीत तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. रबरी नळ्या, सील आणि पंप इथेनॉलला टिकणारे हवेत, हा वेगळा मुद्दा. जुनी फाइल असलेल्या गाडीबाबतही लक्षात ठेवावं की ती लिहिली तेव्हा पंपावर २० टक्के मिश्रण नव्हतं. नोंदी घेऊन ती परत तपासून घेणं शहाणपणाचं.

गिअरबॉक्सची मर्यादा

ग्राहक पीएस विचारतो. खरा प्रश्न न्यूटन-मीटरचा, म्हणजे टॉर्कचा असतो, कारण गिअरबॉक्स आणि क्लच टॉर्कवर मरतात.

फोक्सवॅगन समूहाच्या लहान गाड्यांत येणारा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स, ज्याला कंपनीच्या भाषेत डीक्यू२०० म्हणतात, २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. आता दोन गाड्या पाहा. चाकणला बनलेल्या २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क १७५ होता. तिथे ७५ ची शिल्लक होती, आणि स्टेज वन करून अनेकांनी वर्षानुवर्षं गाडी चालवली. आजच्या व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमधलं १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० न्यूटन-मीटरचं येतं, आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स तोच. शिल्लक शून्य. ‘पोलोला चाललं म्हणजे व्हर्टसला चालेल’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, जास्त सोसणारा. पण तिचा टॉर्कही मुळातच ३५० होता.

मॅन्युअल गाडीत मर्यादा आली की क्लच घसरतो: आरपीएम चढतो, वेग चढत नाही. प्लेट बदलून सुटका होते. डीएसजीत दुरुस्तीचा आकडा लाखात जाऊ शकतो. रीमॅपचा खर्च हजारांत आणि त्याने उघड पडलेल्या दुबळ्या भागाचा खर्च लाखांत, असा हा व्यवहार आहे.

टायर आणि ब्रेक यांवर कोणी खर्च करत नाही, कारण ते दिसत नाहीत. ताशी १०० वरून १२० ला गाडी गेली की ब्रेकने जिरवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. गगनबावडा किंवा आंबोली घाट उतरताना उपयोगी पडतात ते चांगले टायर आणि ताजं ब्रेक ऑइल. बजेटची सुरुवात तिथून व्हायला हवी.

डायनोचा कागद

कामानंतर हातात आलेख दिला जातो. तो मोजलेला असतो चाकांवर, आणि त्यावर अंदाजे टक्के चढवून इंजिनाचा आकडा छापलेला असतो. किती टक्के चढवले हे विचारावं. हवामान आणि उंचीची दुरुस्तीही त्यात धरतात. ही दुरुस्ती साध्या इंजिनांसाठी ठीक, पण उंचीची तूट स्वतः भरून काढणाऱ्या टर्बो गाडीत ती आकडा फुगवते. त्याच मशीनवर, त्याच दिवशी, आधी आणि नंतर केलेली मोजणी आणि त्यांतला फरक, एवढंच विश्वासाचं. वेगवेगळ्या शहरांतल्या दोन डायनोंचे आकडे एकमेकांसमोर ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

वॉरंटी आणि विमा

गाडी वॉरंटीत असेल तर ईसीयूतले बदल लपत नाहीत. किती वेळा फाइल भरली याची मोजदाद ईसीयूत राहते. फोक्सवॅगन समूहात सॉफ्टवेअर मूळचं नसल्याचं आढळलं की कंपनीच्या यंत्रणेत गाडीवर ‘टीडी१’ अशी खूण बसते. ती बसल्यावर इंजिन-गिअरबॉक्सच्या दाव्याला नकार मिळू शकतो, आणि सर्व्हिसला जाण्याआधी मूळ फाइल परत भरली तरी मोजदाद बोलते. ‘डीलरला कळत नाही’ हे वाक्य ज्याने लिहून दिलं आहे असा ट्यूनर अजून कोणी पाहिलेला नाही.

विम्याचं गणित याहून जड आहे. पॉलिसी काढताना कंपनीला गाडीची जी माहिती दिली, त्या गाडीचा विमा असतो. बदल लेखी कळवले तर कंपनी जास्त प्रीमियम घेऊन ते मान्य करू शकते किंवा नाकारू शकते. न कळवता केले आणि अपघातानंतर सर्व्हेअरला दिसले, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळायला कारण मिळतं. १५-२० लाखांच्या गाडीवर ही जोखीम वर्षाच्या प्रीमियममधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे नंबरप्लेट एमएच ०९ असो, केए २२ असो किंवा गोव्याची, नियम तोच. १९८८ च्या या कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषण आणि आवाजाच्या नियमभंगासाठी कलम १९०(२) वेगळं: पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

रस्त्यावरचा पोलीस ईसीयू वाचत नाही, हे खरं. त्याला दिसतो सायलेन्सर, ऐकू येतो आवाज. म्हणून बहुतेक कारवाया तिथे होतात आणि स्टेज वनवाले निर्धास्त राहतात. गंभीर अपघात झाला की मात्र गाडीची तांत्रिक तपासणी होते, आणि तेव्हा समोर फक्त पोलीस नसतो, विमा कंपनीचा वकीलही असतो.

सीमाभागासाठी आणखी एक. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नोंदणी इथली करून घ्यावी लागते. तेव्हा गाडी आरटीओसमोर उभी राहते. डाउनपाइप आणि सायलेन्सर बदललेली गाडी असेल तर मूळ भाग जपून ठेवलेले असावेत. अनेक जण ते भंगारात देतात आणि नंतर दुप्पट पैसे मोजून शोधतात.

जुनी गाडी घेताना

पुण्या-बेंगळुरूतून सीमाभागात येणाऱ्या जुन्या टर्बो गाड्यांत रीमॅप केलेल्या किती, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. मालक विकण्याआधी मूळ फाइल भरून देतो आणि गाडी ‘स्टॉक’ होते. इंजिनाने सोसलेलं मात्र फाइलसोबत पुसलं जात नाही. बघण्यासारखं बरंच असतं: इनटेकच्या पाइपांवर कंपनीचे नसलेले क्लॅम्प, डाउनपाइपच्या बोल्टवर ताजे पान्याचे ओरखडे, वेळेआधी बदललेले आणि वेगळ्या हीट रेंजचे प्लग, पुढच्या टायरची विचित्र झीज. डीएसजी असेल तर गार आणि गरम दोन्ही अवस्थांत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावर हळू चालवून पाहावी, थरथर लगेच कळते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून स्कॅन करून घ्यावा आणि गाडीवर खूण आहे का हे विचारावं. त्या स्कॅनला नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये.

जुन्या नावांपैकी रांजणगावला बनलेली, १४५ बीएचपीची, २०१५ ची अबार्थ पुंतो आणि २००४ ची पहिली ऑक्टाव्हिया आरएस या दोन गाड्यांना आजही चाहते आहेत. पण आधी सुट्या भागांची सोय पाहावी, ताकद नंतर.

पळवायची कुठे?

कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ही देशातली शर्यतीची ठिकाणं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि तिथे ट्यून केलेल्या टर्बो गाड्यांचीच गर्दी असते. इंदूरच्या वाचकांच्या तर दारातच, पीथमपूरला, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी ट्रॅक २९ जून २०२१ ला सुरू झाला. ती सोय मुळात वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. सीमाभागातल्या मालकाला सगळ्यात जवळ पडतो तो करीचा ट्रॅक किंवा अँबी व्हॅली, आणि तिथे जाण्याआधी आयोजकांकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: हेल्मेट आणि गाडीच्या तपासणीचे नियम, आणि ट्रॅकवरच्या नुकसानीची जबाबदारी कोणाची. खासगी गाडीची साधी पॉलिसी शर्यत आणि वेगचाचणी यांना लागू होत नाही, हे पॉलिसीच्या अटींत छापलेलं असतं.